शंभर वर्षं उभा असलेला डोंगर यंदाच का सुटेल?

प्रश्न : आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. पणजोबांनी बांधलेलं दगडी जोतं अजून शाबूत आहे. शंभर वर्षांत मागच्या डोंगरावरून एक धोंडाही अंगणात आलेला नाही. तरी अलीकडे दर पावसाळ्यात तलाठी येतात आणि 'सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे' अशी नोटीस देऊन जातात. घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं उभा राहिलेला डोंगर यंदाच का सुटेल? मलाही उत्तर देता येत नाही. आणि डोंगर सुटणार असेल तर ते आधी कळतं का?
— एक वाचक, पोलादपूर तालुका

उत्तर : वडीलधाऱ्यांचं म्हणणं मला हट्टाचं वाटत नाही. जे शंभर वर्षं घडलं नाही ते घडायचं नाही, असंच माणूस धरून चालतो. शेतीचे सगळे आडाखे त्याच विश्वासावर बांधलेले असतात. डोंगराला मात्र हा आडाखा लागू पडत नाही. का पडत नाही, ते त्यांना समजावून सांगितलंत तर घरातलं बोलणं पुढे सरकेल, अशी मला आशा आहे.

आधी सुटतं काय ते पाहू. दरड कोसळली की आपण 'डोंगर खाली आला' म्हणतो. खरं तर डोंगराचा काळा कातळ बहुतेक वेळा जागेवरच असतो. खाली येतो तो त्याच्या अंगावरचा माती, मुरूम आणि धोंड्यांचा थर. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तयार झालेला प्रदेश आहे. काही थर घट्ट, काही भोकाभोकांचे, आणि मधूनमधून गेरूसारख्या तांबड्या मातीच्या पट्ट्या. घाटरस्त्यावर कापलेल्या कड्यात या पट्ट्या सहज दिसतात. ऊनपावसानं हा खडक वरून कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. ही माती उतारावरून इतकी सावकाश खाली सरकते की माणसाच्या आयुष्यात ते नजरेला येत नाही. सरकत सरकत ती घळींमध्ये आणि डोंगराच्या बगलेतल्या खोलगट जागी साचते. शेकडो वर्षं साचत राहते आणि मग एखाद्या पावसात सगळी एकदम रिकामी होते. एकाच घळीत असं दोनदा घडण्यामध्ये कित्येक पिढ्यांचं अंतर असू शकतं. म्हणून शंभर वर्षांची शांतता हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. ती घळ भरत असण्याचा काळही तो असू शकतो.

यातली एक गोष्ट विशेष वाईट आहे. पूर्वजांनी वस्तीला जागा निवडली ती पाणी आणि माती बघून. डोंगराच्या कुशीत जिथे बारमाही झरा आहे, चार खाचरं पडतील एवढी सपाटी आहे, तिथेच वाडी वसली. पण तीव्र उताराच्या पायथ्याशी अशी मऊ मातीची सपाटी आली कुठून? बऱ्याचदा ती फार जुन्या काळी वरून आलेल्या दरडीचाच ढीग असते. आणि झरा तिथे फुटतो, कारण वरून मुरलेलं पाणी कातळाला अडून तिथेच बाहेर पडतं. वस्तीला सोयीचं जे जे होतं, तेच धोक्याचंही होतं. यात पूर्वजांचा दोष नाही. त्यांना पाणी हवं होतं.

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळं त्याच्यावरच आहे. कोरड्या मुरमाचे दाणे एकमेकांवर दाबून बसलेले असतात. त्यांच्यातल्या घर्षणामुळे तो उतारावर टिकतो. पाऊस मुरतो तसं पाणी दाण्यांमधल्या पोकळ्यांत शिरतं. खाली घट्ट कातळ लागला की त्याला खाली जाता येत नाही. ते कातळावरच साचू लागतं आणि वरच्या मातीला आतून उचलल्यासारखा दाब देतं. दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते. त्याच वेळी भिजल्यामुळे मातीचं वजनही वाढलेलं असतं. ओझं वाढलं आणि पकड गेली की सगळा थर कातळावरून घसरतो, आणि घसरता घसरता त्याचा चिखलाचा लोंढा होतो. सगळ्यात उभ्या कड्यावर हे घडत नाही, कारण तिथे माती टिकतच नाही. तिथून धोंडे सुटतात. मातीचा धोका साधारण २५ ते ४५ अंशांच्या उताराला जास्त. म्हणजे नजरेला जो डोंगर फार भयंकर दिसत नाही, हिरवागार दिसतो, त्यालाच.

आता दरडी कोसळल्याच्या या तारखा घरच्यांना वाचून दाखवा. घाटकोपर, १२ जुलै २०००. महाड तालुक्यातली दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन ही गावं, २५ आणि २६ जुलै २००५. माळीण, ३० जुलै २०१४. चेंबूर, १८ जुलै २०२१. तळीये आणि पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही गावं, २२ जुलैच्या आसपास, २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. केरळात वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं, पुन्हा ३० जुलै, २०२४. सगळे जुलै. हा योगायोग नाही. जूनचा पाऊस जमिनीला पोटभर भिजवतो, आणि तशा भिजलेल्या जमिनीवर जुलैतली मोठी झड येऊन पडते. म्हणून 'आज किती पाऊस पडला' एवढंच विचारून भागत नाही. आठवडाभर जमीन भिजली आहे का, आणि त्यावर एका रात्रीत किती ओतलं, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. इर्शाळवाडीवर दरड आली त्याआधीच्या तीन दिवसांत त्या भागात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. महाबळेश्वरला २०२१च्या त्या जुलैत २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच पावसात खाली महाड, पोलादपूर, पाटण, खेडकडचे डोंगर सुटले. आणि जुलै टळला म्हणजे सुटलो असंही नाही. गोव्यातल्या काणकोणात २ ऑक्टोबर २००९ ला, पावसाळा सरता सरता, मोठ्या पावसानं डोंगर सुटले आणि पूर आला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा : यंदाच का? एक कारण पावसाच्या स्वभावात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळजवळ तिपटीनं वाढल्या. पणजोबांचा डोंगर ज्या पावसात टिकला, तो पाऊस आता तसाच राहिलेला नाही.

दुसरं कारण आपल्या हातचं आहे, आणि माझ्या मते तुमच्या घरी याचीच चर्चा आधी व्हायला हवी. पणजोबांनी जोतं बांधलं तेव्हा उतार हातानं जेमतेम घरापुरता कापला असेल. त्यानंतर मागच्या अंगाला खोली वाढली का? न्हाणीघर, संडास झाला का? त्याचा शोषखड्डा डोंगराच्या बाजूला आहे का? वरच्या अंगाला पाण्याची टाकी बसली, तिचा पाइप कुठे गळतो का? वाडीत रस्ता आणताना जेसीबीनं डोंगराचा पाय कापला का, आणि निघालेली माती उताराच्या कडेलाच ढकलून दिली का? डोंगराचा वरचा भाग त्याच्या पायावर टेकलेला असतो. तो पाय दीड मीटर कापला तरी वरच्या सगळ्या थराचा आधार कमी होतो. माळीणच्या वेळी उतारावर यंत्रानं केलेल्या जमीन सपाटीकरणावरून मोठा वाद झाला होता. पाऊस हे मुख्य कारण मानलं, तरी उताराला हात लावताना काय विचार करायचा, हा प्रश्न त्या वादानं सगळ्यांसमोर आणला. माझं मत स्पष्ट आहे : जाणकाराला जागा दाखवल्याशिवाय वस्तीच्या वरच्या उतारावर मोठं यंत्र नेऊ नये, एक फूटही माती हलवू नये. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण इतकी वर्षं शिकलो, आणि शेतीसाठी ते उत्तमच आहे. पण घरांच्या बरोबर वर, जाड मातीच्या तीव्र उतारावर सलग समतल चर खोदणं म्हणजे जिथून पाणी बाहेर काढायला हवं तिथेच ते मुरवणं. अशा ठिकाणी चर हवेत ते पाणी बाजूच्या वहाळाकडे नेणारे.

आणि हो, बहुतेक वेळा आधी कळतं. घड्याळ लावून नाही, पण खुणा दिसतात. डोंगर सुटण्याआधी ताणला जातो. वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखी भेग पडते, आडवी, उताराला काटकोनात. गुरं चारणाऱ्यांना ती सगळ्यात आधी दिसते, त्यांना विचारत जा. विजेचे खांब आणि झाडं कलतात. गडगा मधेच फुगतो किंवा ढासळतो. घराची दारं अचानक चौकटीत अडकू लागतात, भिंतीला तिरकी चीर पडते, जमिनीच्या कोब्याला उंचवटा येतो. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे नवा झरा फुटतो, किंवा नेहमीचा झरा गढूळ होतो. आणि एक खूण तर क्षणाचाही वेळ देत नाही : धो धो पाऊस चालू असताना मागचा ओहोळ एकाएकी आटला, तर वर कुठेतरी मातीनं त्याची वाट अडवली आहे. तो थांबलेला पाण्याचा साठा कधीही फुटेल. अशा वेळी काय झालं ते बघायला कुणी वर जायचं नाही, घर सोडून बाजूला व्हायचं.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि त्यांच्यातलं अंतर रोज मोजून लिहून ठेवा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून चिकणमातीनं ती बुजवून वर प्लास्टिकचा कागद टाका. अंतर वाढत असेल तर पाऊस नसला तरी त्या दिवशीच बाहेर पडा. दोन खुंट्यांमधल्या त्या आकड्यापुढे 'शंभर वर्षं काही झालं नाही' हे म्हणणं टिकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांनाही तो डोळ्यांनी दिसतो.


प्रश्न : आमचं गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नाही. म्हणजे आम्ही निर्धास्त राहायचं का?
— एक वाचक, खालापूर तालुका

उत्तर : नाही. याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. इर्शाळवाडीही धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनं विधिमंडळात सांगितलं. तिथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रं वर चढवता आली नाहीत, माणसांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली आणि शेवटी शोध थांबवावा लागला.

याद्या कशा होतात ते समजून घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४पासून देशभर दरडींची शक्यता दाखवणारे नकाशे केले. काम मोठं आहे आणि आवश्यकही. पण ते नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे नकाशावरच्या एका सेंटिमीटरमध्ये जमिनीवरचं अर्धा किलोमीटर मावतं. तुमची अख्खी वाडी त्यात पेन्सिलच्या टोकाएवढी. घरामागची घळ, कापलेला पाय, गळका पाइप त्यात दिसणं शक्य नाही. यादीत नाव असेल तर ती गांभीर्यानं घ्या. नसेल तर स्वतःच्या डोंगराकडे स्वतः बघा.

आणि बघताना फक्त घरामागचा उतार बघू नका. वायनाडमध्ये डोंगर सुटला तो सुमारे १५५० मीटर उंचीवर, आणि चिखल-धोंड्यांचा लोंढा नदीच्या पात्रानं काही किलोमीटर खाली जाऊन झोपलेल्या गावांवर आदळला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. खाली राहणाऱ्यांच्या घरामागे डोंगर नव्हता, समोर नदी होती. तुमच्या वाडीजवळून वाहणारा वहाळ कुठून येतो, त्याच्या डोक्यावर काय आहे, हे एकदा उन्हाळ्यात चालत जाऊन पाहून या.


प्रश्न : डोंगरावर भरपूर झाडं लावली तर दरड थांबेल ना? शाळेत आम्हांला असंच शिकवलं होतं.
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : काही दरडी थांबतील, सगळ्या नाहीत. हा फरक मुलांना जरूर सांगा.

झाडांची मुळं मातीला बांधतात आणि पानं पावसाचा मारा थोडा झेलतात. त्यामुळे वरच्या मीटर-दीड मीटर थराचं घसरणं कमी होतं, आणि अशा लहान दरडी संख्येनं पुष्कळ असतात. पण घसरण्याची पातळी पाच-सात मीटर खोल असेल, तर मुळं तिथवर पोचतच नाहीत. मग माती झाडांसकट खाली येते. वायनाडचा तो वरचा उतार जंगलातच होता.

झाडं तोडण्याचा परिणाम मात्र उशिरा दिसतो, आणि म्हणूनच तो ध्यानात येत नाही. झाड तोडलं तरी त्याची मुळं जमिनीत काही वर्षं घट्ट असतात. ती हळूहळू कुजतात, आणि मातीची पकड सगळ्यात कमी होते ती तोडीनंतर काही वर्षांनी. तोवर तोड विसरली गेलेली असते आणि दोष एकट्या पावसावर जातो. कोकणात जुनं मिश्र रान काढून, उतार यंत्रानं पायऱ्यापायऱ्यांचा करून एकाच जातीची लागवड केली जाते, तिथे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. हिरवं दिसतंय म्हणून तो डोंगर पूर्वीसारखा धरलेला आहे असं नव्हे.

घराजवळच्या कापलेल्या उघड्या उतारावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या मातीत तीन मीटरपर्यंत. गवताची जाड साय आली की पावसाचं पाणी माती उकरत नाही. मोठी झाडं मात्र कापलेल्या उताराच्या अगदी काठावर नकोत. वादळात ती मुळासकट हलतात, माती सैल करतात आणि घरावर पडतात.


प्रश्न : घरामागे सिमेंटची पक्की भिंत बांधली तर बिनघोर राहता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भिंतीमागच्या पाण्याला वाट ठेवली असेल तर काही प्रमाणात. ठेवली नसेल तर ती भिंतच जीव घेईल.

आडोशाची भिंत मातीला धरते, पण तिच्यामागे पाणी साचलं की ती धरण बनते, आणि धरणाच्या हिशेबानं ती कुणीच बांधलेली नसते. २ जुलै २०१९च्या मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात संरक्षक भिंत कोसळली, तिच्यामागे पावसाचं पाणी तुंबलं होतं. भिंतीला लागून असलेल्या झोपड्यांमधली जवळजवळ तीस माणसं गेली.

म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायला भोकं हवीत, भिंतीच्या मागे खडीचा थर हवा, आणि वरच्या अंगाला पाणी बाजूला वळवणारी गटार हवी. दर मे महिन्यात भोकं तारेनं साफ करायची. पाऊस चालू असताना भोकांतून पाणी येतंय का ते बघायचं. येत असेल तर भिंत आपलं काम करते आहे. एकाएकी बंद झालं किंवा भिंतीला पोट आलं तर तिच्याजवळ कुणी झोपायचं नाही. तारेच्या जाळीत दगड भरून केलेली भिंत ओबडधोबड दिसते, पण तिच्यातून पाणी आपोआप निघून जातं. लहान उताराला मी तीच सुचवीन. घराहून उंच उतार असेल तर मात्र गवंड्याच्या अंदाजावर काम करू नका, माती आणि पाया जाणणाऱ्या अभियंत्याला बोलवा.


प्रश्न : निवृत्तीनंतर डोंगरउतारावर एक प्लॉट घेऊन लहानसं घर बांधायचा विचार आहे. दृश्य अतिशय सुंदर आहे. काय बघून घ्यावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्लॉट जुलैत बघा. विकणारा तुम्हाला डिसेंबरात नेईल, तेव्हा डोंगर कोरडा असतो आणि सगळंच सुंदर दिसतं. भर पावसात गेलात तर पाणी कुठून येतं, कुठे साचतं, रस्ता कुठे खचतो, हे कुणाला न विचारता कळेल.

चढ मोजा. महाराष्ट्रात १:५ पेक्षा जास्त उताराच्या डोंगराळ जमिनीवर बांधकामाला आणि उतार कापायला नियमांनीच बंदी आहे. म्हणजे पाच मीटर आडवं जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढ लागला तर ती जागा बांधण्याची नाही. गोव्यातही डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं यांवर नगर नियोजन कायद्याच्या १७ अ कलमाचा निर्बंध आहे. 'सगळे बांधतात' हे उत्तर कुणी दिलं तर तो व्यवहार तिथेच थांबवा. उतार कापल्यानं फक्त स्वतःचं घर धोक्यात येतं असंही नाही. २०१३च्या जूनमध्ये कात्रजजवळ शिंदेवाडीला कापलेल्या डोंगरावरून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि त्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. त्यांचा त्या डोंगराशी काही संबंध नव्हता.

सपाट दिसणारा प्लॉट नैसर्गिक सपाट आहे की केलेला, हे विचारा. उताराची वरची बाजू कापून तीच माती खालच्या बाजूला टाकली की प्लॉट तयार होतो. मग घराचा अर्धा पाया घट्ट मुरमावर आणि अर्धा सैल भरावावर येतो. भराव पावसात बसतो, घर मधोमध तडकतं. हे अगदी काळजीपूर्वक केलेल्या कामातही होऊ शकतं. माळीणच्या लोकांसाठी आमडे इथे नवं गाव उभारलं, एप्रिल २०१७ मध्ये घरं दिली, आणि त्याच जूनच्या पावसात तिथला भराव खचून काही ठिकाणी रस्ते आणि जोत्यांना तडे गेले. एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसांना पुन्हा जमीन खचताना बघावी लागली, याची मला आजही फार खंत वाटते. पुनर्वसनाची जागा निवडताना रस्त्याची सोय आणि जमिनीची उपलब्धता यांच्याआधी माती तपासली गेली पाहिजे, आणि भरावाला किमान एक पावसाळा खाऊ दिल्यावरच त्यावर घर उठलं पाहिजे.

कोकणात जांभ्याच्या सड्याच्या कडेला प्लॉट असेल तर आणखी एक गोष्ट बघा. जांभा वरून टणक असतो, पण त्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी मऊ, गुळगुळीत, पांढरट-पिवळी माती असते. पाणी जांभ्यातून झिरपून त्या मातीवर पोचतं आणि कडेचा भाग खाली सरकतो. समुद्र दिसतो म्हणून लोक नेमकी सड्याची कडाच निवडतात. कडेपासून जितकं मागे सरकता येईल तितकं सरका.


प्रश्न : नोटीस येते, पण जायचं कुठे? शाळेत नेऊन बसवतात. गुरांना चारा-पाणी कोण बघणार? म्हणून माणसं दिवसा परत येतात आणि मग रात्रीही थांबतात.
— एक ग्रामपंचायत सदस्या, रायगड जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्नही आहे आणि उत्तरही. नोटीस देऊन जबाबदारी संपत नाही. ज्याच्या गोठ्यात चार जनावरं आहेत तो ती सोडून दोन खोल्यांच्या शाळेत चार महिने राहणार नाही, आणि त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. जागा जूनच्या आधी ठरायला हवी, तिथे गुरांना निवारा हवा, बायकांसाठी संडास-न्हाणीची सोय हवी, आणि चार महिन्यांसाठी नाही तर निदान मोठ्या पावसाच्या रात्रींपुरतं तिथे जाणं ही गावाची सवय व्हायला हवी. हा विषय एप्रिल-मेच्या ग्रामसभेत ठराव करून घ्या. ठराव असला की तहसीलदारांकडे मागणी करायला लेखी आधार मिळतो.

कोणती रात्र मोठी, हे ठरवायला महाग साधन लागत नाही. सरळ काठाचं, बूड आणि तोंड सारख्या रुंदीचं एक भांडं उघड्यावर ठेवा आणि पट्टीनं पाणी मोजा. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस. हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला सगळ्यात वरच्या पायरीवर धरतं, पण तुम्ही तिथवर थांबू नका. आठवडाभर झड लागलेली असताना एका दिवसात शंभरच्या वर गेलं आणि पाऊस चालूच असेल, तर अंधार पडायच्या आत माणसं हलवा. इर्शाळवाडी रात्री गेली, वायनाडची गावं मध्यरात्रीनंतर गेली. माळीणवर सकाळी डोंगर आला आणि त्या वाटेनं निघालेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. तिथे दीडशेहून अधिक माणसं गेली.

कुणी अडकलंच तर डोंगराकडच्या खोलीत झोपायचं नाही. जपानमध्ये दरडीच्या भागात हेच सांगतात : बाहेर पडता येत नसेल तर वरच्या मजल्यावर, उतारापासून सगळ्यात लांबच्या खोलीत राहा. एक माणूस जागा ठेवा. गडगडाट किंवा झाडं मोडल्याचा आवाज आला तर ओहोळाच्या दिशेनं खाली पळू नका, लोंढा त्याच वाटेनं येतो. आडवं, घळीपासून दूर, जवळच्या सोंडेकडे सरका. एकदा दरड येऊन गेली म्हणून लगेच सामान काढायला परत जाऊ नका, मागून दुसरी येते.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आपत्कालीन मदतीचा ११२. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक घराच्या दारामागे खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आणि भेग दिसल्याचा फोन करायला पाऊस वाढायची वाट बघू नका.